कोणालाच नको असलेली जमीन

नमस्कार श्रोतेहो.

इजिप्त आणि सुदान यांच्या मध्ये बीर तवील नावाचा एक तुकडा आहे. सुमारे २,००० चौरस किलोमीटर, सगळा रखरखीत. वीतभर जमिनीसाठी देश एकमेकांच्या उरावर बसतात, आणि हा तुकडा मात्र दोघांनाही नको आहे. इजिप्त म्हणतो तो सुदानचा, सुदान म्हणतो तो इजिप्तचा.

ऐकायला वेडेपणा वाटतो, पण हिशेब पक्का आहे. १८९९ साली ब्रिटिशांच्या पुढाकाराने २२ अंश उत्तर अक्षवृत्त ही सीमा ठरली. पट्टी ठेवून मारलेली सरळ रेघ! पण तिथल्या भटक्या जमातींची कुरणे आणि विहिरी काही पट्टीने आखलेल्या नव्हत्या. (अरबीत ‘बीर’ म्हणजेच विहीर.) तेव्हा कारभाराच्या सोयीसाठी १९०२ मध्ये दुसरी, वेडीवाकडी रेघ आली. आज इजिप्त पहिली रेघ मानतो, सुदान दुसरी. तांबड्या समुद्राकाठचा हलाइबचा त्रिकोण पहिल्या रेघेने इजिप्तकडे जातो, दुसऱ्या रेघेने सुदानकडे; बीर तवीलचे नेमके उलटे. हलाइब बीर तवीलच्या दसपट मोठा, शिवाय किनाऱ्याचा. आता बीर तवील मागायचा म्हणजे समोरच्याची रेघ मान्य करायची आणि हलाइबवर पाणी सोडायचे. मागेल कोण?

राजधान्यांची नावे पाठ करणे म्हणजे राजकीय भूगोल, असा आपल्यापैकी अनेकांचा शाळेपासूनचा समज असतो. खरे तर ही रेघ कोणी मारली आणि तिने कोणाचे साधले, हे विचारणारा तो विषय आहे. मात्र हा प्रश्न विचारायला या विषयाने बराच उशीर लावला, हेही सांगायला हवे.

जर्मनीचे फ्रीडरिश रॅट्झेल मूळचे प्राणिशास्त्राचे अभ्यासक. १८९७ साली राजकीय भूगोलावरच्या ग्रंथात त्यांनी राष्ट्राला सजीवाची उपमा दिली: ते वाढते आणि वाढायला त्याला जागा लागते. उपमा आकर्षक खरी, पण मग शेजारी म्हणजे त्या सजीवाचा घासच की! पुढे म्युनिकचे प्राध्यापक आणि माजी सेनाधिकारी कार्ल हाउसहोफर यांनी याच धाटणीच्या विचारांची ‘भूराजनीती’ लोकप्रिय केली. हिटलरचा निकटचा सहकारी रुडॉल्फ हेस त्यांचा विद्यार्थी. १९२४ साली हेस आणि हिटलर एकाच तुरुंगात होते, तेव्हा हाउसहोफर तिथे भेटीला जात. हिटलरवर त्यांचा नेमका किती प्रभाव पडला यावर इतिहासकारांत वाद आहे. विषयाच्या कपाळी डाग मात्र लागला तो लागलाच. युद्धानंतर राजकीय भूगोलवाले जपून, अंग चोरून लिहू लागले. इतके, की १९६९ मध्ये भूगोलतज्ज्ञ ब्रायन बेरी यांनी या शाखेला चक्क मरणपंथाला लागलेले डबके म्हटले.

डबक्यात पुन्हा पाणी खेळले ते अनेक बाजूंनी. मला त्यातले फ्रान्सचे भूगोलतज्ज्ञ इव्ह लाकोस्त सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. १९७२ साली उत्तर व्हिएतनाममध्ये लाल नदीच्या बांधांवर अमेरिकेचे बॉम्ब पडत होते. ते चुकून पडतात, असा खुलासा होता. लाकोस्त यांनी बॉम्ब पडलेल्या जागा नकाशावर मांडल्या. बांध फुटला तर नदीच्या पातळीखाली वसलेली गावे बुडतील, नेमक्या अशा ठिकाणी त्या दाटलेल्या दिसल्या. सत्तेला रेघा आखून देणारे शास्त्र इथे सत्तेलाच जाब विचारत होते.

आणि रेघा फक्त देशांच्या सीमेवर नसतात. मतदारसंघांच्याही असतात. १८१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या सहीने राज्याच्या सिनेटचे, म्हणजे वरच्या सभागृहाचे, मतदारसंघ त्यांच्या पक्षाच्या सोयीने नव्याने आखले गेले. त्यांतल्या एकाचा आकार इतका विचित्र होता की एका वर्तमानपत्राने त्याला पंख आणि नख्या जोडून राक्षसी सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा एक उभयचर प्राणी) छापला आणि त्याचे बारसे केले, ‘गेरीमँडर’. मतदारसंघांच्या अशा सोयीस्कर आखणीला जगभर आजही हेच नाव आहे.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत गेरी स्वतः पडले. राज्याचे दुसरे सभागृहही त्यांच्या पक्षाच्या हातून गेले. सिनेट मात्र राहिले.