पेशावर ते गिरगाव चौपाटी

डिसेंबर 1979. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि सीमेपलीकडच्या पेशावर शहराचा नूर पालटला. निर्वासितांचे लोंढे आले. एकट्या पाकिस्तानात पुढे तीस लाखांच्या आसपास अफगाण राहत होते. त्यांच्यामागून पैसा आला, शस्त्रं आली. अमेरिका जितके डॉलर देई, तितकेच सौदी अरेबिया देई. वाटप मात्र पाकिस्तानी गुप्तचर संस्था आयएसआयच्या हातात. जनरल झिया उल हक यांच्या राजवटीत सोव्हिएतांशी लढणाऱ्या अफगाण गटांपैकी झुकतं माप मिळालं ते कट्टर गटांना. पुढच्या साऱ्या कहाणीत जगाला सर्वांत महागात पडला तो हाच निर्णय.

अफगाण माणूस आपल्या गावासाठी, आपल्या मुलाबाळांसाठी लढत होता. पण आता पेशावरला असेही तरुण उतरू लागले, ज्यांचं या मातीत ना शेत होतं, ना नातं. त्यांना साद घालत होता अब्दुल्ला अज्जाम, जन्माने पॅलेस्टिनी, इस्लामी धर्मशास्त्राचा प्राध्यापक. 1984 मध्ये ओसामा बिन लादेनच्या पैशावर त्याने इथे एक कचेरी थाटली. आलेल्यांच्या राहण्याची सोय, देणग्या, आघाडीवर रवानगी, सारं तिथून चाले. सोव्हिएत सैन्याला जेरीस आणलं ते अफगाणांनीच. या परक्या तरुणांचा युद्धातला वाटा किरकोळ होता. पण अल्जीरियाचा, इजिप्तचा, येमेनचा मुलगा एका छावणीत राहिला, बंदूक चालवायला शिकला, आणि महासत्ता आपणच हरवली, असं मनाशी धरून बसला.

ऑगस्ट 1988 मध्ये पेशावरमध्येच अल-कायदाची स्थापना झाली. 15 फेब्रुवारी 1989 ला शेवटची सोव्हिएत तुकडी सीमेवरची अमू दर्या नदी ओलांडून परतली. अमेरिकेचंही लक्ष उडालं. काबूल गृहयुद्धात होरपळत राहिलं, आणि त्या छावण्या, पैशाच्या त्या वाटा मोडायला कुणी थांबलं नाही. 1998 मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलाममधल्या अमेरिकी वकिलातींवर अल-कायदाने स्फोट घडवले. 224 मृत्यू. त्यातले बहुतेक आफ्रिकेचे सामान्य नागरिक. अफगाण युद्धाशी त्यांचा काय संबंध होता?

याच युद्धाच्या अखेरच्या काळात, अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात, हाफिज सईदच्या संघटनेची माणसं शस्त्रं चालवायला शिकत होती. तिच्या उभारणीशी अज्जामचंही नाव जोडलं जातं. तिची सशस्त्र शाखा म्हणजे लष्कर-ए-तोयबा. सोव्हिएत गेले आणि तिला नवं रणांगण मिळालं: काश्मीर. 2000 साली तिने दिल्लीचा लाल किल्ला गाठला. आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कराचीहून समुद्रमार्गे आलेले दहा जण मुंबईत उतरले. 166 निरपराध माणसं गेली. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे, मुंबई पोलिसांतले तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ त्या दहांतल्या कसाबची रायफल हातांनी घट्ट धरली आणि गोळ्या स्वतःवर झेलल्या. म्हणून तो जिवंत सापडला, म्हणून कराचीतल्या सूत्रधारांपर्यंतचे धागे न्यायालयापुढे आले.

कसाबला नोव्हेंबर 2012 मध्ये येरवड्यात फाशी झाली. हाफिज सईदला पाकिस्तानी न्यायालयाने 2020 मध्ये दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल तुरुंगवास सुनावला. मुंबईतल्या हत्याकांडासाठी त्याला तिथे शिक्षा झालेली नाही.