मेडलच्या कडेवर कोरलेलं नाव

(विश्रांतवाडीत ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'युद्धात लढलेले माजी सैनिक आणि आपण', आणि सुरुवातीलाच सांगते की परमवीर, महावीर मिळालेल्यांबद्दल मी आज फार बोलणार नाहीये. त्यांचा मान मोठाच आहे, त्यांच्यावर पुस्तकं आहेत, चौकांना नावं आहेत. मला बोलायचंय ते त्या हजारो माणसांबद्दल ज्यांनी ६२, ६५, ७१, कारगिल बघितलं, नेमून दिलेलं काम केलं, पेन्शन घेऊन घरी आले, मग कुणी सिक्युरिटीला लागले, कुणी कंपनीत, कुणी गावाकडे शेती धरली, आणि आता सोसायटीत त्यांच्याबद्दल एवढंच माहितीये की हे काका मिलिटरीत होते. कुठल्या पलटणीत? माहीत नाही. ७१ च्या डिसेंबरमध्ये कुठे होते? माहीत नाही, कधी विचारलंच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याचा सत्कार करतो त्यानं नेमकं काय केलं हे आपल्याला ठाऊक पाहिजे, आणि ते त्याच्याच तोंडून ऐकायला पाहिजे, तो आहे तोवर. ७१ ला जो अठराचा होता तो आज सत्तरीच्या पुढे गेलाय, ६५ वाले ऐंशीच्या घरात, ६२ वाले तर त्याच्याही पुढे. वेळ फार उरलेला नाही.

मी बँकेत बरीच वर्षं पेन्शनच्या काउंटरला होते. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागायची, दिघी, कळस, धानोरी, बोपोडी, खडकी, सगळीकडून फौजी यायचे. त्यांची फाईल लगेच ओळखू यायची, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद वर, खाली डिस्चार्ज बुक म्हणजे फौजेतून सुटताना मिळतं ते नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, त्याखाली झेरॉक्सा, सगळं ओळीनं. असेच एक आजोबा एकदा बोर्नव्हिटाचा डबा घेऊन आले, लॉकर मिळेल का विचारायला. डब्यात मेडलं होती, प्रत्येक वेगळ्या रुमालात गुंडाळलेलं. रिबिनी विटून गेल्या होत्या पण धातू लखलखीत, अधूनमधून पुसत असणार. त्यांनी एक गोल मेडल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, मॅडम, कडेला बघा. मी चष्मा चढवून बघितलं तर त्या एवढ्याशा जाडीवर बारीक अक्षरात कोरलेलं होतं, आर्मी नंबर, रँक, नाव. मला तोवर माहीतच नव्हतं की आपल्याकडची सर्व्हिस मेडलं अशी नावानिशी देतात. सरकारनं त्या माणसाला वेगळं ओळखून, त्याचं नाव घालून दिलेली वस्तू, आणि ती डब्यात.

ते आजोबा १ मराठाचे, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे, जिला जंगी पलटण म्हणतात. ७१ ला जमालपूरला होते. जमालपूर म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं गाव, ब्रह्मपुत्रेच्या काठावर, तिथे ३१ बलुच ही पाकिस्तानी बटालियन घट्ट रोवून बसली होती. आपल्या ब्रिगेडियरनं शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर तिकडच्या कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, हे खरंच घडलंय. मग १० डिसेंबरच्या रात्री ते दक्षिणेकडून फोडून बाहेर पडायला लागले आणि तिथे वाटेवर जंगी पलटण बसलेली, रात्रभर लढाई झाली, सकाळी जमालपूर पडलं. हे सगळं आता वाचायला मिळतं. पण मी आजोबांना विचारलं तुम्ही काय करत होतात, तर म्हणाले, मी काय, मी रात्रभर अम्युनिशनच्या पेट्या पुढे पोचवत होतो, अंधारात, वाकून, एक टाकली की मागे दुसरी आणायला, हाताची सालं निघाली होती ती सकाळी कळली. आणि लगेच पुढे म्हणाले, लढले ते पुढचे, आपलं काय. मला हे मान्य नाही, तेव्हाही नव्हतं. पुढच्या खंदकातला माणूस रात्रभर फायर करू शकला कारण मागून पेटी येत राहिली, आणि पेटी आणणाऱ्यावर गोळ्या चुकवून पडत नव्हत्या.

तर मेडलं वाचता येणं ही साधी गोष्ट आहे, शिकून घ्या. ६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, यातला स्टार म्हणजे माणूस प्रत्यक्ष लढाईच्या भागात होता. ७१ साठी पूर्वी स्टार म्हणजे पूर्वेची आघाडी, पश्चिमी स्टार म्हणजे पश्चिमेची, आणि संग्राम मेडल हे तेव्हा सेवेत असलेल्यांचं. कारगिलचं ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. जखमी झालेल्यांना वेगळं मेडल असतं. म्हणजे शेजारच्या काकांच्या छातीवर २६ जानेवारीला जी ओळ दिसते त्यात त्यांचं अर्धं चरित्र लिहिलेलं असतं. घरात जुनी पत्रं असतील तर पत्ता बघा, एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस, ५६ एपीओ असेल तर साधारण पश्चिमेकडे, ९९ एपीओ असेल तर पूर्वेकडे. जागेचं नाव लिहायला परवानगी नसायची, घरच्यांनाही फक्त हा आकडा.

आता आपल्या खडकीचंच उदाहरण घेते. बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे रस्ते मोकळे करणं, सुरुंग काढणं असली कामं करणाऱ्या इंजिनिअर पलटणीचे, सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारकडचे, १९४० ला साधे जवान म्हणून भरती झालेले आणि पुढे परमवीर चक्र मिळालेले, १९९४ ला इथे पुण्यातच वारले. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी रस्ता मोकळा करायचा होता, रस्त्यात सुरुंग, झाडं आडवी पाडलेली, वरून फायर. पहिल्याच दिवशी मॉर्टरच्या माऱ्यात त्यांचे दोन सॅपर गेले, स्वतः राणे जखमी. तरी ते पुढचे दिवस काम करत राहिले, रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, रणगाडा चालतोय त्याच वेगानं, आणि आतल्या ड्रायव्हरला दोरीनं इशारे देत, थांब, चल. राण्यांचं धाडस वाचून अंगावर काटा येतो आणि यायलाच पाहिजे. पण मी तो प्रसंग वाचते तेव्हा मला दोरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस दिसायला लागतो. बाहेरचं धड काही दिसत नाही, खाली आपला साहेब सरपटतोय, दोरीचा हिसका ओळखण्यात क्षणाची चूक झाली तर तो पट्ट्याखाली जाणार, आणि हा ड्रायव्हर एवढं अवजड धूड इंच इंच चालवतोय. त्याचं नाव इथे बसलेल्यांपैकी कुणी सांगू शकेल? मलाही येत नाही. राण्यांच्या परमवीर चक्रात त्याचे हात आहेत, मेलेल्या त्या दोन सॅपरचेही आहेत.

नावं न लिहिण्याची आपली सवय जुनी आहे. सातारा, कोल्हापूर, नगरकडे जुन्या गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या अजून आहेत, बघितल्या असतील तुम्ही. त्यावर मजकूर असा की या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यातले इतके कामी आले. बस. आकडे आहेत, नावं नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातून त्या युद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत, एका गावातून ४६, आणि गाव आजही भरतीला मुलं पाठवतंय. इंग्रज सरकारला आकडा पुरेसा होता. आपल्याला पुरेसा नसावा असं मला वाटतं.

कारगिलचंही तेच झालंय. ५२७ जवान शहीद झाले हे शाळेतल्या मुलालाही पाठ असतं, पण १,३०० हून जास्त जखमी झाले हे किती जणांना माहितीये? ते जखमी कुठे जातात याचं उत्तर तर आपल्या शहरातच आहे. वानवडीकडचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून जवानांना पाय, हात बसवून देतंय. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली अपंग सैनिकांना हातात धंदा यावा म्हणून निघालं आणि पुढे खडकीला आलं. आणि खडकीचंच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, १९७४ चं, तिथे मणक्याला मार लागून कमरेखाली किंवा मानेखाली हालचाल गेलेले जवान राहतात, काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. राखीला शाळा जातात तिथे, चांगलंय, पण वर्षातून एकदाच का?

मुरलीकांत पेटकर तर सगळ्यांना आता माहीत झालेत. सांगलीकडचे, ईएमईचे, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचे जवान, ६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं, उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला. मध्ये ४६ वर्षं. हा माणूस त्या ४६ वर्षांत इथे पुण्यातच नोकरी करत होता, बसनं आपल्या शेजारी नसेल पण आपल्याच रस्त्यांवरून जात येत होता. सुवर्णपदक असून इतकी वर्षं लागली, तर ज्याच्याकडे फक्त संग्राम मेडल आहे त्याचं काय?

आणि बायका. याबद्दल मी काउंटरवर बसून जे बघितलंय ते विसरता येत नाही. फौजी गेला की त्याची बायको फॅमिली पेन्शनला येते, आणि कळतं की रेकॉर्डला तिचं नाव माहेरचं आहे, किंवा नुसतं शांताबाई असं आहे, आधारवर वेगळं, किंवा लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डला नोंदच, कधी झाली नाही कारण तेव्हा तो फील्डला होता आणि नंतर राहूनच गेलं. मग ती म्हातारी इकडून तिकडे. एका बाईंना एका ऑफिसातून तीनदा परत पाठवलं, प्रत्येक वेळी वेगळा कागद मागून, हे मी स्वतः बघितलंय, आणि तिच्या नवऱ्यानं दोन युद्धं केली होती. म्हणून हात जोडून सांगते, आपल्या सोसायटीत कुणी माजी सैनिक असतील तर त्यांच्या हयातीत बसून पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार यातली नावं, स्पेलिंग, जन्मतारखा जुळवून घ्या. जुळत नसतील तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे यासाठीच माणसं असतात. फौजी पेन्शनचं ऑनलाइन स्पर्श पोर्टल त्या वयाच्या माणसाला एकट्याला जमत नाही, तुमच्या नातवाला जमतं. हाही सन्मानच आहे, माझ्या मते शालीपेक्षा मोठा.

आता बोलतं कसं करायचं, हे सगळे विचारतात. किती मारले, भीती वाटली का, असलं काही पहिल्यांदा विचारू नका, माणूस मिटतो. काय खायला मिळायचं ते विचारा, लंगर, म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर, कुठे असायचा, पत्र किती दिवसांनी यायचं, शेजारच्या खाटेवर कोण होता, तो कुठला. तिथून गाडी आपोआप पुढे सरकते. एएससीचे, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या दलाचे, एक ड्रायव्हर असेच खुलले, मी फक्त गाडी कुठली होती एवढं विचारलं होतं. शक्तिमान, म्हणाले, आणि मग अर्धा तास थांबलेच नाहीत. पश्चिम आघाडीवर शकरगडच्या बाजूला रात्रीचा कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, हेडलाईट बंद, पुढच्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गोळ्याला, पांढरा रंग दिलेला असायचा आणि त्यावर एक मिणमिणता दिवा, तेवढा पांढरा ठिपका धरून रात्रभर गाडी हाकायची, ठिपका गेला की माणूस रस्त्याबाहेर, आणि रस्त्याबाहेर सुरुंग. जाताना गोळे, येताना जखमी. जखमींना हादरे बसू नयेत म्हणून किती हळू चालवावं आणि उशीर होऊ नये म्हणून किती जोरात, हे कुणी शिकवलं नव्हतं म्हणाले. त्यांच्या मुलानं हे पहिल्यांदा ऐकलं, माझ्यासमोर, आणि मुलगा स्वतः पन्नाशीचा.

त्यांना जे सांगायचं नाही ते खोदून काढू नका. मध्येच गप्प झाले तर चहा सांगा, पुन्हा लंगरवर या.

आपल्याकडे घोरपडीचं वॉर मेमोरियल लोकांनी वर्गणी काढून उभं केलंय, १९९८ ला, सरकारची वाट बघत बसले नाहीत. शहीदांसाठी पुण्यानं ते केलं. जिवंत आहेत त्यांच्यासाठी तर वर्गणीसुद्धा लागत नाही, मोबाईलचा रेकॉर्डर लागतो आणि एक दुपार. सुरुवातीला नंबर, रँक, नाव, पलटण, भरती कधी, पेन्शन कधी, कुठल्या युद्धात कुठे, एवढं त्यांच्याच आवाजात घ्या, बाकीचं ते सांगतील तसं. मेडलचा फोटो काढताना कडेचाही काढा.

पुढच्या रविवारी दहा वाजता याच हॉलमध्ये आम्ही काही जण बसणार आहोत, ज्यांच्या घरी माजी सैनिक किंवा वीरनारी, म्हणजे शहीदाची पत्नी, आहेत त्यांनी डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि मेडलं घेऊन यावं, मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही, स्कॅन करून तिथेच परत देऊ. ज्यांना येता येत नाही त्यांचा पत्ता मागच्या टेबलावर लिहून ठेवा, आम्ही घरी येऊ. आणि मागच्या रांगेत दोन जण मेडलं लावून बसलेत ते मला मघापासून दिसतायत, प्रश्नोत्तरं आता माझ्याऐवजी त्यांनाच विचारा. या काका, माईक घ्या.