थायरॉइडचे आतड्याशी नाते

१९१२ साली जपानमधील फुकुओका येथे हाकारू हाशिमोतो या तरुण शल्यचिकित्सकाने चार स्त्रियांच्या गळ्यातून काढलेल्या थायरॉइड ग्रंथींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या ग्रंथींमध्ये पांढऱ्या रक्तपेशींची दाट गर्दी होती. ती कशामुळे, हे उमगायला १९५६ साल उजाडावे लागले: लंडनमधील संशोधकांना अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉइडमधल्याच थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटली होती. थायरॉइड मंदावू शकणाऱ्या या आजाराला हाशिमोतो आजार म्हणतात.

ती का उलटते, याचा काही भाग आनुवंशिकतेने उलगडतो. मात्र एकसारख्या जुळ्या बहिणींपैकी एकीला हा आजार होतो आणि दुसरीला होत नाही, असेही आढळते. म्हणून शोध आतड्यापर्यंत आला, कारण आपले कोण आणि परके कोण, हे ओळखण्याचे शिक्षण रोगप्रतिकारक पेशींना मोठ्या प्रमाणावर तिथेच, असंख्य जिवाणूंच्या सहवासात मिळते. त्यांतील काही जिवाणू अन्नातील तंतू आंबवून ब्युटिरेट तयार करतात. ते आतड्याच्या अस्तराला पोसते आणि रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींना बळ देते.

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ठरावीक जंतूंपासून दूर वाढवलेल्या उंदरांमध्ये थायरॉइडचा दाह सहजी निर्माण होत नव्हता. सामान्य उंदरांच्या आतड्यातील जिवाणू त्यांना दिल्यावर तो वाढला. माणसांमध्येही हाशिमोतो आजाराच्या रुग्णांचे जिवाणू निरोगी व्यक्तींपेक्षा वेगळे आढळले आहेत. परंतु थायरॉइड मंदावली की आतड्याची हालचालही मंदावते, बद्धकोष्ठता होते आणि त्यानेच तिथली जिवाणूंची वस्ती बदलू शकते. त्यामुळे हा फरक आजाराचे कारण आहे की परिणाम, हे केवळ रुग्णांचे नमुने तपासून ठरत नाही. हे ठरलेले नसताना प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या, बाटलीवर थायरॉइड बरी करण्याचे आश्वासन छापणे आम्हाला अन्यायाचे वाटते, कारण त्यावर विश्वास ठेवून कुणी थायरॉइडची रोजची गोळी बंद केली तर नुकसान खरे असते.

आतड्याचा एक संबंध मात्र दवाखान्यात रोज विचारात घ्यावा लागतो. थायरॉइडच्या संप्रेरकाची उणीव भरून काढणारी, सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची लेव्होथायरॉक्सिनची गोळी लहान आतड्यातच शोषली जाते. हाशिमोतोच्या काही रुग्णांना सीलिअ‍ॅक आजारही असतो, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे त्यांच्या त्याच आतड्याचे अस्तर झिजते. अशा वेळी गोळीची मात्रा वाढवत नेऊनही टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारे संप्रेरक, खाली येत नाही. आहारातून ग्लुटेन वगळून अस्तर भरून आले, की कमी मात्राही पुरू लागते.