‘गेल्तो’ आणि ‘वेंट’

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. इंग्रजीतला ‘वेंट’. ‘गो’ या क्रियापदाचं भूतकाळाचं रूप. पाचवी-सहावीतल्या कुठल्याही पोराला विचारा, ‘गो, वेंट, गॉन’ असं एका दमात म्हणून दाखवील. पाठ सगळ्यांनाच असतं. पण तेच पोरगं पदवी घेऊन लातूरला नाहीतर संभाजीनगरला मुलाखतीला बसतं आणि ‘सुट्टीत कुठं गेला होतात?’ एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर ‘आय हॅड गॉन’ असं सुरू करतं. पाठ केलेला ‘वेंट’ ऐनवेळी तोंडात येतच नाही. तो का येत नाही, हे मला आज सांगायचंय.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची जत्रा भरते, नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात. आमच्याकडची पोरं जाऊन आली की मी त्यांना जत्रेवर दहा ओळी इंग्रजीत लिहायला सांगतो. एका सातवीतल्या मुलाची वही माझ्या चांगली लक्षात आहे. अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही. लिहिलं होतं: ‘आय हॅड गॉन टू माळेगाव. आय हॅड सीन मेनी हॉर्सेस. आय हॅड सीन कॅमल्स. माय फादर हॅड बॉट बेल्स फॉर अवर बुलक्स. वी हॅड ईटन भजी.’ दहाच्या दहा ओळी ‘हॅड’च्या. आता बघा, रूप म्हणून यात एकही चूक नाही. ‘गॉन’ बरोबर, ‘सीन’ बरोबर, ‘ईटन’ बरोबर. मुलाचा अभ्यास पक्का आहे. मी त्याला म्हटलं, ‘हेच मला तोंडी सांग बरं, आपल्या भाषेत.’ तो लगेच सुरू झाला: ‘सर, आम्ही माळेगावला गेल्तो. लई घोडे आल्ते. अण्णांनी बैलांना घुंगरमाळा घेतल्त्या.’

उत्तर तिथंच होतं. गेल्तो म्हणजे गेलो होतो. आल्ते म्हणजे आले होते. मुलानं प्रत्येक ‘होतो’चं इमानदारीनं ‘हॅड’ केलं होतं.

आपल्या बोलण्यात ‘गेलो’ आणि ‘गेल्तो’ यांत मोठा फरक आहे आणि तो आपण कधी कुणाकडून शिकत नाही. ‘काल माळेगावला गेलो’ एवढंच म्हणून कुणी थांबलं, तर ऐकणारा म्हणतो, ‘बरं, मग?’ कारण ‘गेलो’नंतर पुढचं काहीतरी यायला हवं: गेलो, देवदर्शन केलं, गर्दीत चप्पल हरवली. ‘गेल्तो’ म्हटलं की गोष्ट पुरी. माणूस गेला, आला, आता आपल्यासमोर बसलाय.

इंग्रजीत नेमकं उलट आहे. ‘आय वेंट टू माळेगाव’ म्हटलं की गोष्ट पुरी होते आणि ‘आय हॅड गॉन टू माळेगाव’ म्हटलं की ऐकणारा ‘बरं, मग?’ म्हणून वाट बघत राहतो. म्हणून ‘गेलो’लाही ‘वेंट’ आणि ‘गेल्तो’लाही ‘वेंट’. यस्टर्डे, लास्ट वीक, इन 2019, असा काळ सांगणारा शब्द वाक्यात असला, की तेवढ्या एका ‘वेंट’नं काम भागतं. आज दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा.

या सवयीला आपल्या भागात आणखी एक बळ मिळालेलं आहे. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात येईपर्यंत मराठवाड्यातला सरकारी कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूतून चालायचं. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. आपल्यातल्या अनेकांचे आजे-पणजे उर्दूतून शिकले, आणि आजही बाजारात, स्टँडवर आपण दखनी-हिंदी सहज बोलतो. त्या भाषेतही ‘कल हम नांदेड गए थे’. तिथंही ‘थे’ आहेच. दोन्ही भाषांनी कानाला जे वळण लावलं, तेच इंग्रजी बोलताना बाहेर येतं. यात बुद्धी कमी असण्याचा काही संबंध नाही. उलट आपली भाषा पक्की असल्याची ही खूण आहे. मी हे मुद्दाम जोर देऊन सांगतो, कारण ‘गेल्तो, आल्तो’ म्हणणाऱ्या पोरांना गावंढळ ठरवून गप्प बसवणारे लोक मी पाहिलेत. त्यानं पोराचं इंग्रजी तर सुधारत नाहीच, मराठीही मुकी होते.

मग ‘हॅड गॉन’ कधी वापरायचं? भूतकाळातल्या दोन गोष्टी असतील आणि त्यातली एक आधी घडलेली असेल, तेव्हा. मी सात वाजता स्टँडवर पोचलो, तवर गाडी गेल्ती. ‘आय रीच्ड द स्टँड ॲट सेव्हन, बट द बस हॅड गॉन.’ पोचणं भूतकाळातलं, गाडी जाणं त्याच्याही आधीचं. इथं ‘हॅड’ पाहिजेच. इथं ‘वेंट’ घातलं तर गाडी आधी गेली की तुमच्या डोळ्यांदेखत गेली, हे कळणार नाही.

दुसरी अडचण ‘डिड’ची. ‘डिड यू वेंट?’ आणि ‘आय डिडन्ट वेंट’ ही दोन वाक्यं शिक्षक असल्यानं मला रोज ऐकू येतात. नियम लहान आहे: प्रश्नात आणि नकारात भूतकाळाचा भार ‘डिड’ उचलतो, मग ‘गो’ मूळ रूपात राहतो. ‘डिड यू गो?’ ‘आय डिडन्ट गो.’ जुन्या इंग्रजीत असं नव्हतं बरं का. 1611 साली निघालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात उरिया नावाचा सैनिक घरी गेला नाही, हे ‘वेंट नॉट डाउन टू हिज हाउस’ अशा शब्दांत सांगितलंय. तेव्हा हे चालायचं. नंतर ‘डिड’नं ती जागा घेतली.

आता मला स्वतःला ज्याची सगळ्यात जास्त गोडी आहे तिकडे वळतो. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा? दोन्हींत एकही अक्षर सारखं नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘एओदे’ असा काहीसा होता. त्याच वेळी ‘वेंड’ नावाचं दुसरंच एक क्रियापद होतं, अर्थ वळणे, वाट धरणे. ‘सेंड’चं ‘सेंट’, ‘बेंड’चं ‘बेंट’, ‘स्पेंड’चं ‘स्पेंट’, तसं ‘वेंड’चं ‘वेंट’. हळूहळू लोक ‘गेला’ म्हणायला ‘वेंट’च वापरू लागले, पंधराव्या शतकापर्यंत त्याचं बस्तान बसलं आणि ‘एओदे’ विसरला गेला. मूळ ‘वेंड’ आता फक्त ‘वाट काढत जाणे’ अशा एखाद्या वाक्प्रचारात उरलाय.

इंग्रजी विचित्र आहे असं वाटलं असेल, तर आपलं ‘जाणे’ बघा. मी जातो, मी जाईन, आणि भूतकाळात? ‘जाला’ नाही, ‘गेला’. ‘जा’चा ‘गे’ कुठून आला? संस्कृतात जाणे या अर्थाचे दोन धातू होते, ‘या’ आणि ‘गम्’. ‘याति’चं प्राकृतात ‘जाइ’ झालं आणि त्यातून आपलं ‘जा’ आलं. ‘गम्’चं ‘गत’, त्यातून ‘गेला’. म्हणजे आपणही दोन वेगळी क्रियापदं जोडून एक केलंय, आणि ‘जातो-गेला’ म्हणताना त्याचा सांधा कुणाला जाणवत नाही. आपल्या पैठणला सातवाहनांची राजधानी होती. त्यांच्या काळात महाराष्ट्री प्राकृताला मान होता, आणि ‘य’चा ‘ज’ होणं ही प्राकृताची नेहमीची रीत. योगीचा जोगी, युगाचं जुग, आणि यात्रेची जत्रा. यात्रा हा शब्दही त्याच ‘या’ धातूचा. म्हणजे ‘जत्रेला जातो’ या दोन शब्दांत एकच धातू दोनदा येतो. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

एका बाबतीत मात्र ‘वेंट’ आपल्यापेक्षा फार सोपा. आपल्याकडे गेला, गेली, गेलं, गेले, गेल्या, गेलो, गेलास, गेलीस. ‘गत’ हे मुळात विशेषणासारखं रूप, म्हणून ते लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. इंग्रजीत आय, यू, ही, शी, इट, वी, दे, सगळ्यांना एकच ‘वेंट’.

पण ‘गेला’ दिसला की ‘वेंट’ टाकला, असंही करून भागत नाही. ‘लाईट गेली’ हे ‘द पॉवर वेंट ऑफ’. नुसतं ‘वेंट’ म्हणून सोडू नका, ‘ऑफ’ जोडा. ‘तीन वर्षं गेली’ हे ‘थ्री यीअर्स वेंट बाय’. पावसात सोयाबीन गेलं, म्हणजे हातचं पीक गेलं. इथं ‘वेंट’ चालत नाही, ‘वी लॉस्ट द क्रॉप’ म्हणावं लागतं. आणि ‘आजोबा गेले’. आपण ‘मेले’ हा शब्द जिव्हाळ्याच्या माणसाबद्दल वापरत नाही, ‘गेले’ म्हणतो. नोकरीच्या ठिकाणी रजा मागताना कुणी ‘माय ग्रँडफादर वेंट’ असं लिहिलं, तर साहेबाला वाटेल आजोबा कुठंतरी गावाला गेलेत. तिथं ‘पास्ड अवे’ लिहायचं. दुःखाच्या वेळी तरी आपलं म्हणणं समोरच्याला नीट कळलं पाहिजे, म्हणून हे एवढं जपा.

दोन-तीन बारीक गोष्टी भराभर सांगतो. ‘वेंट टू होम’ नाही, ‘वेंट होम’. ‘देअर’ आणि ‘अब्रॉड’च्या आधीही ‘टू’ येत नाही. मूल शिकायला गेलं तर ‘वेंट टू स्कूल’, आणि वडील दाखला आणायला गेले तर ‘वेंट टू द स्कूल’. ‘तो पुण्याला गेलाय’, अजून तिथंच आहे, तर ‘ही हॅज गॉन टू पुणे’. ‘जाऊन आलाय’ तर ‘ही हॅज बीन टू पुणे’. आपलं ‘जाऊन आलोय’ आणि इंग्रजीतलं हे ‘बीन’ किती नेमकं जुळतं बघा, हे शिकायला आपल्याला वेळच लागू नये.

उच्चाराचं एक. ओठ गोल करून ‘वेंट’ म्हणा. खालचा ओठ वरच्या दातांना लावून ‘व्हेंट’ म्हटलं तर तो दुसराच शब्द होतो, हवा जाण्यासाठी ठेवलेलं छिद्र. आणि ‘वेंट टू’ हे दोन शब्द बोलताना तोडायचे नाहीत, ‘वेंटू’ असे सलग येऊ द्यायचे.

घरात शिकणारं पोर असेल तर आज जेवताना त्याला विचारा, ‘व्हेअर डिड यू गो टुडे?’ उत्तर पाठ करून द्यायचं नाही. शाळा, शेत, बाजार, स्टँड, जिथं खरंच गेला असेल ते सांगू द्या. आणि तो ‘आय हॅड गॉन’ म्हणाला तर रागावू नका. त्याला आधी मराठीत सांगायला लावा, ‘गेल्तो’ त्याच्या तोंडून येऊ द्या, मग त्या ‘गेल्तो’च्या जागी ‘वेंट’ ठेवून पुन्हा म्हणायला सांगा. नमस्कार.