जास्वंद झोन ५ ची की झोन ९ ची? अमेरिकेत रोप घेताना झोनचा नकाशा कसा वाचायचा

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या नर्सरीत रोप हातात घेतलंत की कुंडीत खोचलेली पट्टी बाहेर काढा. तिच्यावर कुठेतरी 'झोन ५–९' किंवा 'झोन ९–११' असं छापलेलं असतं. किमतीच्या आधी ते बघा.

(स्क्रीनवर नकाशा)

हा यूएसडीएचा, म्हणजे तिथल्या कृषी खात्याचा नकाशा. हिवाळ्यातल्या थंडीनुसार पाडलेले एकूण १३ झोन; आकडा जितका लहान, तितकी थंडी जास्त. प्रत्येक झोन १० अंश फॅरनहाइटचा आणि त्याचे पाच-पाच अंशांचे दोन भाग, ए आणि बी. खात्याच्या साइटवर झिप कोड टाकला की आपला झोन दिसतो. मध्य न्यू जर्सीत बहुतेकांना ७ए किंवा ७बी दिसेल. ७ए म्हणजे काय? दर हिवाळ्यातलं सर्वांत कमी तापमान घ्यायचं, ३० वर्षांची सरासरी काढायची. ती ० ते ५ फॅरनहाइटच्या मध्ये आली तर तो ७ए. सेल्सिअसमध्ये साधारण उणे १८ ते उणे १५.

नकाशा सांगतो ते एवढंच. उन्हाळा, पाऊस, माती यांचा त्यात हिशेबच नाही. सिएटलमध्ये ९ए आहे आणि उत्तर फ्लोरिडातही ९ए आहे, पण सिएटलच्या थंड उन्हाळ्यात खूश असलेलं झाड फ्लोरिडाच्या दमट उकाड्यात टिकेलच असं नाही.

दुसरं, ही सरासरी आहे, तळ नव्हे. डॅलस सध्याच्या नकाशात ८बी, म्हणजे १५ ते २० फॅरनहाइट. तिथे फेब्रुवारी २०२१ मध्ये पारा उणे २ फॅरनहाइटवर गेला. २०२३ चा नकाशा १९९१ ते २०२० च्या नोंदींवर बेतलेला आहे, त्यामुळे ती थंडी त्यात धरलेलीही नाही. म्हणून जमिनीत कायमचं लावायचं महागडं झाड असेल तर आपल्यापेक्षा एक झोन थंड भागात टिकणारं घ्या. नव्या नकाशात जवळजवळ अर्धा देश अर्ध्या झोनने वर सरकलाय, पण तेवढ्यावर लगेच लिंबू जमिनीत लावू नका.

आता जास्वंद. नर्सरीत दोन वेगळी झाडं 'हिबिस्कस' याच नावाने मिळतात. चकचकीत पानांची, आपल्या देवपूजेतली जास्वंद साधारण झोन ९ च्या खाली बाहेर जगत नाही. दुसरी 'हार्डी हिबिस्कस'. ताटलीएवढी फुलं, चकाकी नसलेली पानं, झोन ५ मध्येही टिकते. ती हिवाळ्यात जमिनीलगत पूर्ण वाळते आणि फुटते खूप उशिरा, कधी मे उजाडतो. एप्रिलमध्ये लोक मेली समजून उपटून टाकतात. तसं करू नका. वाळलेल्या काड्या चार-सहा इंच ठेवून कापा, म्हणजे झाड कुठे आहे हे लक्षात राहतं.

कुंडीतल्या झाडांना हा झोन जसाच्या तसा लागू होत नाही. जमिनीत मुळांना चारही बाजूंनी माती असते, कुंडीत गारठा सगळीकडून लागतो. कुंडी वर्षभर बाहेर राहणार असेल तर दोन झोन सोडून निवडा: तुम्ही ७ मध्ये असाल तर झोन ५ पर्यंत टिकणारं झाड.

कढीपत्ता, मोगरा यांना ७ मध्ये हिवाळ्यात घरातच घ्यावं लागतं. रात्री ५० फॅरनहाइटच्या खाली जायला लागल्या की आत, दक्षिणेच्या खिडकीत. मग खरा घोळ होतो तो पाण्याचा. जानेवारीत कढीपत्त्याची पानं गळतात, आपण घाबरून रोज पाणी घालतो आणि मुळं कुजतात. वरची दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको, नवी पालवी येईपर्यंत खत नको. शंका आली तर खोडाची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

मेथी, भेंडी, दुधी यांच्यासाठी मात्र झोन बघत बसू नका. ती एका हंगामाची पिकं. त्यांना वसंतातल्या शेवटच्या फ्रॉस्टची, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीची, तारीख लागते, आणि ती या नकाशात नसते.

शेवटचं, कढीपत्ता ऑनलाइन मागवण्याआधी तुमच्या राज्यात तो पाठवता येतो का ते बघा. लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड त्यावर वाढते, म्हणून कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेक्सससारख्या राज्यांत निर्बंध आहेत. तिथे स्थानिक परवानाधारक नर्सरीतूनच घ्या.