शब्द दिले की वेचले?

(पक्षी सप्ताहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींबद्दल बोलताना एक वाक्य हमखास येतं : त्यांनी मराठीला लाखभर शब्द दिले. आत्ता माझी ओळख करून देतानाही ते येऊन गेलं. मोजणी कोणी केली ते सोडून देऊ. मला खटकतो तो 'दिले' हा शब्द.

त्यांनी घडवलेले शब्द आहेत, नाही असं नाही. बगळे, करकोचे, पाणकावळे एकाच झाडोऱ्यात शेजारी शेजारी घरटी करतात, त्या विणीच्या वसाहतीला ते 'सारंगागार' म्हणाले. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार'. संस्कृत ते मुद्दाम शिकले होते, हंसदेवाचं 'मृगपक्षिशास्त्र' त्यांनी मराठीत आणलं, तेव्हा असे शब्द सुचणं त्यांना अवघड नव्हतं. पण त्यांची खरी पुंजी वेचलेली आहे, आणि ती कुणाकडून वेचली हे आपण भाषणांत पटकन ओलांडून जातो.

जन्म सोलापूरचा, ५ नोव्हेंबर १९३२. घरची भाषा तेलुगू. १९५८ ते ६० कोइमतूरला वनशास्त्राचं शिक्षण आणि मग वनखात्याची नोकरी, थेट १९९० पर्यंत. त्या काळच्या वनखात्यात जंगल म्हणजे मुख्यतः लाकूड. कूप म्हणजे तोडीचे पट्टे आखायचे, झाडांवर खुणा करायच्या, किती माल निघाला त्याचा हिशेब ठेवायचा. पक्ष्याचं नाव माहीत नसल्यामुळे कुणाची बढती अडली नसती. हा माणूस मात्र रोज डायरी लिहीत राहिला. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, शेवटी मेळघाट. जिथे बदली झाली तिथलं रान वाचलं.

नवेगावबांधला जरा थांबू. आजच्या गोंदिया जिल्ह्यातलं हे तळं कोहळी लोकांनी बांधलेलं. पाण्याचा उतार डोळ्यांनी ओळखून बांध घालणारी ही जमात. तळ्यावर मासेमारी करणारे धीवर, भोवतीच्या रानात गोंड. मासा कुठल्या महिन्यात कुठे सरकतो, कुठला पक्षी कधी येतो, हे त्यांना पोटासाठीच ठाऊक असावं लागतं. चितमपल्ली त्यांच्यात बसले ते विद्यार्थी म्हणून, साहेब म्हणून नव्हे.

आणि फासेपारधी! तितर आणि लावे फाशात पकडणारे लोक. पक्षी कुठून चालत येईल, कुठल्या हाकेला ओ देईल, हे कळल्याशिवाय फास लावून उपयोग काय? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली अनेक जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्यांत पारधीही आले. तो शिक्का कागदावरून पुसला गेला १९५२ मध्ये. पुढे वीस वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांचा धंदाच गुन्हा झाला. तो कायदा हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गंमत बघा : ज्याला पकडून गुन्हा नोंदवायचा, त्याच्याकडूनच खाकीतला अधिकारी पक्ष्यांचे आवाज शिकतोय. चितमपल्लींनी हे ऋण लपवलं नाही. त्यांच्या ललित लेखांत पारधी आणि आदिवासी शोभेला येत नाहीत, ते जाणकार म्हणून बोलतात.

त्यांचा 'पक्षिकोश' उघडून पाहा. एकेका पक्ष्याखाली संस्कृत नाव, इतर भारतीय भाषांतली नावं, बोलींतली नावं. मी वाढलो त्या गावात लहान दिसेल ती चिमणी आणि मोठी दिसेल ती घार, संपलं पक्षिशास्त्र! रात्री रस्त्यावर बसून राहणारा, दिव्यात डोळे चमकवणारा पक्षी कितीदा पाहिला असेल. आम्ही त्याला भूत समजून सायकल वळवायचो. त्याला 'रातवा' म्हणतात हे मला चितमपल्लींच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून कळलं. तेव्हापासून मी सायकल वळवत नाही. उतरतो आणि बघत उभा राहतो.

२००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पद्मश्री २०२५ ची, आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच ते गेले. त्यांच्या वाढदिवसापासून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, आपण हा सप्ताह पाळतो.

उद्या सकाळी साडेसहाला तळ्यावर जमायचं आहे. दुर्बिणी दोनच आहेत, आळीपाळीने घ्या. मासेमारी करणारे दोन आजोबा बरोबर येणार आहेत. त्यांना पुस्तकातली नावं सांगत बसू नका. ते काय म्हणतात ते विचारा, आणि वही आणा.