‘नको’ म्हणायला एक जोडीदार हवा
(नववी-दहावीच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पालकहो, “मुलगा आमचा चांगला आहे हो, संगत वाईट लागली,” हे वाक्य मी घरोघरी ऐकते. ज्या घरात ते ऐकते, त्या घरातलं मूल दुसऱ्या कुणाच्या तरी घरात ‘वाईट संगत’ म्हणून ओळखलं जात असतं. तेव्हा आज कुणाचं मूल चांगलं नि कुणाचं वाईट, हे बाजूला ठेवू आणि संगतीचं दडपण मुलावर नेमकं कसं येतं, ते बघू.

शाळा सुटल्यावर टपरीपाशी पाच-सहा मुलं थांबतात. २००३ च्या कायद्यानं शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे, गुटख्यावर तर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी पुडी मिळते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. एक जण तळहातावर तंबाखू घेतो, चुना लावून अंगठ्यानं मळतो, वरून दोन थापा मारतो आणि हात पुढे करतो. जबरदस्ती कुणी करत नाही. “घे की,” एवढंच. हात फिरत फिरत पाचव्यापाशी येतो, तोवर आधीच्या चौघांनी चिमूट उचललेली असते. या पाचव्याला तंबाखू मुळीच नको असते. पण उद्या मधल्या सुट्टीत एकट्यानं डबा खायची वेळ त्याला येऊ द्यायची नसते. आपण मात्र त्याला कर्करोगाची चित्रं दाखवत बसतो. ती त्याला पाठ आहेत. त्याला भीती एकटं पडण्याची वाटते, आणि तिच्याविषयी घरात कुणी बोलतच नाही.

ही भीती किती खोल असते, ते सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात अमेरिकेत दाखवून दिलं. कॉलेजच्या मुलांना एक रेघ दाखवायची आणि दुसऱ्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती, ते विचारायचं. एकट्याला विचारलं तर जवळजवळ कुणीच चुकत नसे. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवलेले असत आणि ठरवून चुकीचं उत्तर देत. मग जवळपास चारातले तीन जण निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारं सोडून त्यांच्या मागे गेले. लक्षात घ्या, तिथे धमकी नव्हती, रोजची दोस्तीही नव्हती. आपल्या मुलापुढे तर रोजचे मित्र असतात.

त्याच प्रयोगातला पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. अ‍ॅशनं त्या गटात खरं बोलणारा फक्त एक माणूस बसवला. बाकी सगळं तसंच. तर चुकीच्या उत्तरांचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्शावर आलं. गट तेवढाच राहिला, दडपण मात्र ओसरलं. म्हणून मी पालकांना सांगते, मुलाला ‘खंबीर हो’ म्हणू नका. चौदाव्या वर्षी एकट्यानं खंबीर राहणं फार जड जातं. या वयात मित्र बघत असले की धोका पत्करण्याची ओढ वाढते. गाडी चालवण्याच्या खेळावर झालेल्या २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात तेच दिसलं. तिथल्या प्रौढांवर मित्रांच्या हजेरीचा तसा परिणाम झाला नाही.

मग घरी काय करायचं? मुलाला विचारा, “तुमच्यात अजून कुणाला हे नको असतं?” बहुतेक वेळा एखादं नाव निघतं. त्या दोघांना टपरीवरून बरोबर निघायची सवय लागू द्या. दुसरं, मुलाला तुमच्या नावावर खोटं बोलायची मुभा द्या. “पप्पा तोंडाचा वास घेतात रे,” असं त्यानं खुशाल म्हणावं. मित्रांत तुम्ही कडक ठरलात तर बिघडत नाही, त्याची मान खाली जात नाही. तिसरं, एक खुणेचा मेसेज ठरवून ठेवा. “आजीची गोळी आणू का?” असा मेसेज आला की तुम्ही फोन करायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या चढ्या आवाजात घरी बोलवायचं. त्या रात्री उलटतपासणी नको, नाहीतर पुढचा मेसेज येणार नाही.

मुलींच्या आयांनो, तुमच्याकडे टपरी नसते, पण व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप असतो. एखादीची टिंगल चालू असते आणि हसण्याचा इमोजी टाकला नाही तर उद्या आपली पाळी, हे प्रत्येकीला कळत असतं. तिथेही हेच लागू आहे. ग्रुपवर भांडायची हिंमत नसेल तर जिची टिंगल झाली तिला वेगळा मेसेज करता येतो. तिला तो एक मेसेज पुरतो.

मघाशी एका वडिलांनी विचारलं, “ती दोस्तीच तोडायला लावू का?” मारहाण, ब्लॅकमेल असं काही असेल तर तोडायलाच हवी, आणि शाळेलाही कळवायला हवं. एरवी नको. तोडायला लावलीत तर भेटी चोरून होतात आणि तुम्हाला काहीच कळेनासं होतं. त्यापेक्षा त्या पाच-सहा जणांना एका रविवारी घरी जेवायला बोलवा. नावं, घरं, सवयी कळतील. त्यांच्यातला बिचकत हात पुढे करणारा कोण, तेही जेवण वाढता वाढता तुमच्या लक्षात येईल. त्याच्या आईशी आधी बोला.